जामीन कोण राहणार?



संत पौलाने फिलेमोनाला लिहिलेले पत्र हे नव्या करारातील अगदी छोट्या पत्रांपैकी एक आहे. एकच अध्याय आणि पंचवीस वचने. रविवारच्या मिस्सेत ते तीन वर्षांतून एकदाच, ‘क’ वर्षातील सामान्य काळाच्या तेविसाव्या रविवारी आपल्या कानावर पडते, आणि तेही सतराव्या वचनापाशी थांबते. आजच्या अभ्यासासाठी आम्हाला हवी आहेत ती नेमकी पुढची दोन वचने. म्हणून हे पत्र आपण घरी बायबल उघडून पूर्ण वाचावे. पाच मिनिटेदेखील लागणार नाहीत.

पौल तेव्हा तुरुंगात होता. तेथे त्याची अनेसिमशी गाठ पडली. अनेसिम हा फिलेमोनाचा गुलाम. तो मालकाकडून पळून आला असावा आणि जाताना मालकाचे काही नुकसान करून गेला असावा, असे बहुतेक अभ्यासक पत्रावरून मानतात. अशा गुलामाला कठोर शिक्षा करण्याची मुभा त्या काळचा कायदा मालकाला देत असे. पौल अनेसिमला परत पाठवतो. त्याला लपवून ठेवत नाही, त्याच्या हातून काही चुकलेच नाही असेही म्हणत नाही. मात्र त्याचे जे काही देणे निघत असेल ते पौल स्वतःच्या खात्यावर घेतो आणि तसे वचन आपल्या हाताने लिहून देतो (फिलेमोन १८-१९).

आपल्या कोर्टकचेरीच्या भाषेत ह्याला ‘जामीन राहणे’ म्हणतात. येथे गंमत अशी की जामीन राहणारा स्वतःच कैदी आहे!

बायबलमध्ये जामीन राहण्याविषयी एकच एक मत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नीतिसूत्रांचे पुस्तक परक्यासाठी जामीन राहू नये असे पुन्हा पुन्हा बजावते (६:१-५, ११:१५, २२:२६-२७). आपल्या वाडवडिलांनीही आपल्याला तेच शिकवले. परंतु आपल्या कॅथलिक बायबलमध्ये असलेला बेन सिराचा ग्रंथ अधिक तोलून बोलतो. भला माणूस शेजाऱ्यासाठी जामीन राहतो, असे तो म्हणतो. जामीन राहून अनेकजण धुळीला मिळाले, हेही सांगतो. आणि शेवटी आपल्या ऐपतीप्रमाणे मदत करावी पण स्वतः बुडू नये, असा सल्ला देतो (२९:१४-२०). नव्या करारात तर इब्री लोकांस लिहिलेले पत्र स्वतः येशूलाच अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हणते (७:२२). आपले तारण म्हणजे कोणीतरी आपल्यासाठी जामीन राहिले, असा त्याचा अर्थ. प्रेषितांच्या कृत्यांतला बर्णबाही आठवावा. शौलाचे मन पालटले तरी यरुशलेममधील शिष्य त्याच्याजवळ फिरकायला भीत होते, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. बर्णबाने त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेले (९:२६-२७). बर्णबा नसता तर आज ज्या पत्राचा आपण अभ्यास करीत आहोत ते पत्र तरी असते काय?

आता आपल्या गावांकडे येऊ.

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथे अटक झालेल्या माणसाला न्यायालयीन कोठडी मिळाली की त्याची रवानगी बहुधा कल्याणच्या जिल्हा कारागृहात होते, काहींची तळोजा मध्यवर्ती कारागृहात. कल्याणचे कारागृह ज्या भागात आहे त्याचे नाव आधारवाडी. ह्या नावात ‘आधार’ शब्द आहे, तो आत असलेल्यांपैकी किती जणांना मिळतो हा वेगळा प्रश्न. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाचे ब्रीद ‘सुधारणा व पुनर्वसन’ असे आहे. ब्रीद उत्तम आहे. परंतु पुनर्वसन भिंतीच्या आत होत नसते. माणूस बाहेर येतो तेव्हा ते सुरू होते, आणि तो बाहेर येतो तो आपल्याच गल्लीत.

तुरुंग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शिक्षा भोगणारे गुन्हेगार येतात. वस्तुस्थिती निराळी आहे. सरकारच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. जागा होती ४,३६,२६६ जणांची. त्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे दर चारांतले तीन, ‘कच्चे कैदी’ होते. त्यांचा खटला संपलेला नव्हता. कायद्याच्या दृष्टीने ते अजून निर्दोष होते.

त्यातले सगळेच निर्दोष ठरतील असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यांच्यात एक गट असा असतो की ज्यांना न्यायाधीशांनी जामीन मंजूर केलेला आहे आणि तरीही ते आतच आहेत, कारण जामीनदार मिळत नाही. जामीनदाराने न्यायालयात आपली ओळख, राहण्याचा पत्ता आणि ऐपत दाखवावी लागते : रेशन कार्ड, पगाराची स्लिप, घरपट्टीची पावती, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. आता कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या किंवा अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडे राबणाऱ्या परप्रांतीय मुलाने ही कागदपत्रे असलेला माणूस कोठून आणावा? त्याचे आईवडील हजार किलोमीटर दूर, खोली भाड्याची आणि तिचा करारनामाही नाही. ज्याच्याकडे पगाराची स्लिप आहे तो मुकादम फोन उचलत नाही. पंधरा हजारांचा जामीन मंजूर होऊनही आठवड्यामागून आठवडे आतच राहिलेल्या मुलांविषयी आम्ही येथील वकिलांकडून ऐकले आहे.

हा प्रश्न जुना आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण आले. खालच्या न्यायालयाने त्याच्याकडे दहा हजार रुपयांचा जामीन मागितला होता, आणि भाऊ जामीन राहायला आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी गवंड्याला एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. गरिबाकडे अवास्तव रक्कम मागणे आणि जामीनदार परजिल्ह्यातला म्हणून नाकारणे, ह्या दोन्ही गोष्टींना त्यांनी कठोर शब्दांत विरोध केला. त्यानंतर कायदा बराच पुढे सरकला आहे. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जामीन मंजूर झाल्यावर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी योजना आणली. सुरुवातीला तिची मर्यादा चाळीस हजार रुपयांपर्यंत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम ४७९ नुसार, प्रथमच आरोपी झालेल्या व्यक्तीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर तिला बंधपत्रावर सोडायचे असते. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेल्यांना हे लागू नाही. शिवाय कोठडीतील कोणालाही, त्याची मिळकत कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे.

म्हणजे दारे आहेत. परंतु हे सांगायला आणि अर्ज करायला बाहेर कोणीतरी लागते. फादर स्टॅन स्वामी ह्यांनी झारखंडमध्ये हेच काम केले. वर्षानुवर्षे खटल्यावाचून तुरुंगात असलेल्या आदिवासी तरुणांची त्यांनी माहिती गोळा केली आणि त्यांच्यासाठी उच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनाच अटक झाली आणि आपल्यापासून फार दूर नसलेल्या तळोजा कारागृहात ठेवण्यात आले. कंपवातामुळे हातात पेला धरता येत नव्हता. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात ते वारले. वय ८४, आणि जामिनाचा अर्ज निकालाविना पडून होता. त्यांच्यावरील आरोपांविषयी कोणाचे काय मत असेल ते असो. ते कच्चे कैदी म्हणूनच गेले.

येथे काही भाविकांच्या मनात प्रश्न उठला असेल, आणि तो उठलाच पाहिजे. फादर, बदलापूरचे काय?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि गाड्या दिवसभर अडल्या. त्या दिवसाचा संताप योग्य होता. ज्याला राग आला नाही त्याच्या काळजाविषयीच आम्हाला शंका येईल. आंदोलकांपैकी अनेकांना अटक झाली. गर्दीतल्या साध्या घरच्या तरुणांना तेव्हा प्रथमच कळले की कोठडीच्या आत जायला किती थोडा वेळ लागतो आणि बाहेर यायला किती. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. खटला चाललाच नाही. त्यानंतर त्याला पुरायला जागा मिळेना. शेवटी २९ सप्टेंबरला आपल्या उल्हासनगरच्या स्मशानभूमीत, लोकांचा विरोध असताना, पोलीस बंदोबस्तात त्याला मूठमाती दिली गेली.

मृतांना पुरणे आणि कैद्यांना भेटणे ही दोन्ही दयेची कृत्ये आपण सर्वांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली आहेत. त्या आठवड्यात दोन्ही एकदम आपल्या दारात आली.

आम्हाला येथे दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत. त्या मुलींच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आम्हाला नाही, तुम्हालाही नाही. क्षमा ही ज्याच्यावर अन्याय झाला त्याने द्यायची असते, आणि ती कोणी मागून किंवा उपदेश करून मिळवायची नसते. सिस्टर राणी मारिया ह्यांचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात धावत्या बसमध्ये खून झाला. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, २००२ साली इंदूरच्या तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली. पुढे त्या कुटुंबाच्या विनंतीचा त्याच्या सुटकेला हातभार लागला आणि २००६ साली तो बाहेर आला. २०१७ साली ख्रिस्तसभेने राणी मारिया ह्यांना धन्यवादित घोषित केले. ती राखी बांधण्याचा हक्क बहिणीचा होता. तो तिने वापरला. शेजाऱ्यांनी तिला ‘क्षमा कर’ म्हणून गळ घातली असती तर तो दुसरा अन्याय झाला असता.

दया आणि न्याय ह्यांचे नाते वेगळे आहे. संत थॉमस अक्वायनस ह्यांचा एक साधा दाखला आहे : ज्याला शंभर नाणी देणे लागतो त्याला एखाद्याने आपल्या खिशातून दोनशे दिली, तर त्याने न्याय मोडला नाही, न्यायाहून अधिक केले. गुरुविद्यालयात तत्त्वज्ञान शिकताना हा दाखला आम्हाला जरा सोपा वाटत असे. आता तो सर्वांत उपयोगी वाटतो. न्यायालयाला पुरावा पाहू द्या, दोषी ठरलेल्याला शिक्षा होऊ द्या, पीडितेला तिचे मिळू द्या. आपण जे द्यायचे ते आपल्या खिशातून द्यायचे आहे, पीडितेच्या खिशातून नव्हे. पौलानेही फिलेमोनाला नुकसान विसरायला लावले नाही. ते भरून देण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली.

आणि त्या कैद्याची आई? तिने कोणता गुन्हा केला? नवरा किंवा मुलगा आत गेला की घरमालक खोली रिकामी करायला सांगतो, वर्गात मुलांना टोमणे बसतात, धुणीभांडी करणारीची कामे सुटतात. मिस्सेला येणेही बंद होते, कारण बाकावर शेजारचे सरकून बसतात. आमच्या मते तुरुंग सेवाकार्याची सुरुवात तेथून व्हावी, त्या बाकावरून. नाताळात कारागृहात केक वाटणे चांगलेच आहे, पण त्याचा फोटो काढता येतो म्हणून ते आपल्याला अधिक आवडते, असा आमचा संशय आहे.

‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ हे कार्य १९८१ साली केरळात सुरू झाले आणि आज देशभर पसरले आहे. त्याचे आश्रयदाते संत मॅक्सिमिलियन कोल्बे. औश्विट्झच्या छावणीत अनोळखी कैद्याच्या जागी त्यांनी स्वतःला पुढे केले आणि १४ ऑगस्ट १९४१ रोजी मरण पत्करले. म्हणून भारतीय ख्रिस्तसभा ऑगस्टचा दुसरा रविवार तुरुंग सेवाकार्य रविवार म्हणून पाळते. त्या दिवशीची दानपेटी भरते, पण जामीनदार दानपेटीतून मिळत नाहीत.

तेव्हा पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात आम्ही एक बैठक ठेवली आहे. आपल्या धर्मग्रामातील दोन वकील येणार आहेत. जामीनदाराला काय सही करावी लागते, आरोपी तारखेला हजर राहिला नाही तर किती रक्कम भरावी लागू शकते, नाही केव्हा म्हणावे, हे ते समजावतील. बेन सिराचा सल्ला लक्षात ठेवून, एकट्याने उडी घेऊ नये अशी आमची सूचना आहे. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीमार्फत चार-पाच कुटुंबांनी मिळून एका माणसाची चौकशी करावी, त्याला तारखेची आठवण द्यावी, त्याच्यासोबत न्यायालयात जावे. पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या, खोटी कागदपत्रे देणाऱ्या दलालांच्या वाटेला कोणीही जाऊ नये; तो गुन्हा आहे. ज्यांचे छोटे कारखाने, गॅरेज किंवा दुकाने आहेत त्यांनी अवश्य यावे, कारण सुटून आलेल्याला पहिल्या महिन्यात काम लागते. ज्यांना न्यायालयाची पायरी चढायची भीती वाटते त्यांनी कैद्यांच्या मुलांची शिकवणी घ्यावी किंवा मुलाखतीच्या दिवशी त्यांच्या आईसोबत आधारवाडीला जावे.

ज्यांच्या स्वतःच्या घरातील कोणी आत आहे आणि सर्वांसमोर बोलणे नको आहे, त्यांनी कोणत्याही दिवशी संध्याकाळच्या मिस्सेनंतर आम्हाला एकांतात भेटावे.