कारागीर टिकत का नाहीत?

कारखानदार मंडळी एकत्र बसली की हल्ली एकच तक्रार ऐकू येते. "माणसे टिकत नाहीत. हाताला धरून काम शिकवावे आणि सहा महिन्यांत त्याने शेजारच्या शेडमध्ये निघून जावे!" लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, रडतखडत चालणाऱ्या धंद्यापेक्षा वाढत्या धंद्यातच ही तक्रार जास्त असते. चार यंत्रमागांचे चोवीस झाले, एका गॅरेजची तीन झाली, की माणसांची गळती सुरू होते. मालक म्हणतो, जमानाच बिघडला. पण हे दुखणे आजचे नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका नामांकित कारखान्याला ते जडले होते. ती हकीकत छोट्या कारखानदारानेही अभ्यासावी अशी आहे.

हेन्री फोर्ड यांनी १९०३ साली मोटारींची कंपनी काढली. १९०८ मध्ये त्यांची 'मॉडेल टी' ही गाडी आली आणि मागणी इतकी वाढली की १९१० मध्ये डेट्रॉइटजवळ हायलँड पार्क येथे प्रचंड कारखाना उभा राहिला. १९१३ मध्ये तेथे सरकत्या पट्ट्यावर जोडणीचे काम सुरू झाले. गाडीचा सांगाडा जोडण्यास पूर्वी बारा तासांहून अधिक वेळ लागे. तो पुढे दीड तासाच्या आसपास आला. वर्षाला दीड लाखाहून अधिक गाड्या बाहेर पडू लागल्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, या कंपनीला कशाची चिंता?

आत मात्र वेगळेच चालले होते. कारखान्यात साधारण चौदा हजार कामगार लागत. तेवढे राखण्यासाठी १९१३ या एका वर्षात बावन्न हजारांवर नवी माणसे घ्यावी लागली. गळतीचे प्रमाण ३७० टक्के! म्हणजे एकेका जागेवर वर्षातून जवळजवळ चार वेळा नवा माणूस. पुष्कळजण राजीनामा वगैरे न देता सरळ येणेच बंद करीत. प्रत्येक नव्या माणसाला शिकवायचे, त्याच्या हातून माल बिघडायचा आणि तो तयार होतो न होतो तोच निघून जायचा. हा खर्च कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. आपल्याकडेही तो लिहीत नाहीत.

कंपनीने जॉन ली नावाच्या अधिकाऱ्याला कारण शोधायला सांगितले. त्याला जे आढळले त्यात कंटाळवाणे काम आणि लांब तास तर होतेच. पण दोन गोष्टी निव्वळ कारभाराच्या होत्या.

पहिली गोष्ट मजुरीची. कारखान्यात मजुरीचे तब्बल ६९ वेगवेगळे दर होते. शेजारी शेजारी उभे राहून तेच काम करणाऱ्या दोघांना निराळे पैसे मिळत आणि ते का, हे कोणालाच सांगता येत नसे. कंपनी घाईघाईत वाढली, जो ज्या दिवशी आला त्याच्याशी त्या दिवशी जे ठरले तेच पुढे चालू राहिले. आपल्या कारखान्यांत याहून निराळे काय घडते? जुन्या कारागिराला आठ वर्षांपूर्वीचा दर आणि गरजेपोटी काल आणलेल्याला त्याहून जास्त. जुना माणूस तोंडाने काही बोलत नाही. ईदपूर्वी उचल घेतो, हिशेब फेडतो आणि दुसरीकडे लागतो.

दुसरी गोष्ट मुकादमाची. फोर्डच्या कारखान्यात मुकादमाची मर्जी गेली की माणसाची नोकरी गेली. वर दाद मागण्याची सोय नव्हती. वाढत्या धंद्यात मालकाची नजर सगळीकडे पोहोचत नाही. तो एखाद्या मेहुण्याला किंवा पुतण्याला शेड सोपवतो. या पोराने स्वतः कधी धोटा हातात धरलेला नसतो, पण पंचवीस वर्षे माग चालवलेल्या उस्तादाला तो चारचौघांत 'अरे-तुरे' करतो. माझ्या मते आपल्याकडचे निम्मे कारागीर पैशासाठी जात नाहीत, ते या अपमानाने जातात. खोटे वाटत असेल तर सोडून गेलेल्या एखाद्या कारागिराला चहाला बोलवा आणि शांतपणे विचारा. मात्र पुतण्याला त्या वेळी जवळ बसवू नका.

ऑक्टोबर १९१३ मध्ये ली यांनी ६९ दरांचे आठ दर केले, मजुरी सरासरी १३ टक्के वाढवली आणि काढून टाकण्याचा मुकादमाचा अधिकार काढून घेतला. मुकादमाला फार तर आपल्या खात्यातून माणूस हलवता येई. मग कंपनीचे भरती-खाते त्याला दुसऱ्या खात्यात लावून पाही. त्यानंतर ५ जानेवारी १९१४ रोजी ती प्रसिद्ध घोषणा झाली: रोज पाच डॉलर, आणि काम नऊऐवजी आठ तास. तोवरच्या मजुरीच्या हे दुपटीहून अधिक होते. १९१५ मध्ये गळती १६ टक्क्यांवर आली. खर्च कमी करण्याची ही आपली एक उत्तम युक्ती ठरली, असे फोर्ड यांनीच पुढे सांगितले.

सगळेच चांगले होते असे मात्र नाही. पाचपैकी निम्मी रक्कम नफ्याचा वाटा म्हणून होती आणि ती मिळण्यासाठी कंपनीचे निरीक्षक कामगाराच्या घरी जाऊन तो दारू पितो का, बचत करतो का, याची चौकशी करीत. घोषणेच्याच महिन्यात आपल्या पंथाच्या तारखेप्रमाणे नाताळ पाळण्यासाठी गैरहजर राहिलेल्या सुमारे नऊशे ग्रीक आणि रशियन कामगारांना कंपनीने काढून टाकले. सणाच्या सुट्टीचे मोल आपल्या वाचकांना सांगायला नको.

आता थोडे आपल्या कायद्याविषयी. वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि ती लहान कारखान्यालाही लागू आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा. हा नियम १९३६ च्या कायद्यातही होता. आठवड्याची मजुरी साप्ताहिक सुट्टीच्या आधी हाती पडली पाहिजे. मालेगावसारख्या ठिकाणी, जिथे माग शुक्रवारी बंद असतात, तिथे गुरुवारीच. कामगाराला काढले वा तो स्वतःहून सोडून गेला, तरी त्याचा राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा. "पुढच्या आठवड्यात ये" असे सांगून त्याला चार फेऱ्या मारायला लावल्या, तर त्या फेऱ्या शेडमधले बाकीचे कारागीर मोजत असतात.