काढणीनंतरची बुरशी: धान्य तपासले, खाणाऱ्याचे काय?

परतीच्या पावसात सोयाबीनच्या सुड्या भिजल्या, मक्याची कणसे शेतातच काळवंडली, की शेतकऱ्याला पहिली काळजी लागते ती भावाची. बाजार समितीत ओलावा किती भरतो, डागी दाणा किती निघतो, यावर क्विंटलमागे किती कपात होणार ते ठरते. पण व्यापाऱ्याने नाकारलेला डागी माल कुठे जातो, याचा विचार सहसा कोणी करत नाही. तो घरी परत येतो. चांगला माल विकायचा, उरलासुरला घरात ठेवायचा किंवा ढोरांपुढे टाकायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्यामुळे बुरशीच्या विषाचा धोका शहरातल्या ग्राहकाआधी पिकवणाऱ्याच्याच घरात पोहोचतो. म्हणून धान्याइतकीच ते खाणाऱ्या माणसांची तपासणीही व्हायला हवी, आणि ती शेतकरी कुटुंबांपासून सुरू व्हायला हवी.

माणसाची तपासणी म्हणजे काय, हे बुलढाणा जिल्ह्याने अलीकडेच पाहिले आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, कठोरा या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. सुरुवातीला पाण्यावर आणि त्वचेच्या बुरशीवर संशय घेतला गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले. सेलेनियमचे प्रमाण रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढल्याचे त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले आणि त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. सेलेनियम हे बुरशीचे विष नाही. तरीही या घटनेतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: माणसाच्या शरीरात काय गेले ते मोजले, तेव्हा शोधाला दिशा मिळाली. तिथे निदान केस गळाले, म्हणून गाव जागे झाले. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष थोडे थोडे पोटात जात राहिले तर वर्षानुवर्षे बाहेरून काहीच दिसत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे आणि त्याचा मुख्य मारा यकृतावर होतो.

हे विष एकदम जास्त प्रमाणात पोटात गेले तर काय होते, त्याचा दाखला आपल्याच देशात आहे. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला आणि मका ओलाच साठवला गेला. त्या वर्षी कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ पसरली. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तपासलेल्या मक्यात किलोमागे सहा ते पंधरा मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघाले. आज भारतात धान्यासाठी मर्यादा आहे किलोला १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे तो मका या मर्यादेच्या शेकडो पट विषारी होता. तेच अन्न खाणारी गावातली कुत्री माणसांच्या आधी आजारी पडून मेली होती. ही खूण वेळीच ओळखली गेली असती तर कदाचित काही जीव वाचले असते. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर, कर्नाटक आणि आंध्रच्या काही गावांत, पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटदुखी आणि हगवणीची साथ आली. तिथे फ्युमोनिसिन हे दुसऱ्या बुरशीचे विष सापडले. म्हणजे आपल्या भाकरीची ज्वारीही यातून सुटलेली नाही.

मग धान्य तपासले की पुरे, असे कोणी म्हणेल. अडचण अशी की अफ्लाटॉक्सिन पोत्यात सारखे पसरलेले नसते. मोजक्या दाण्यांत ते प्रचंड असते आणि शेजारचे दाणे स्वच्छ असतात. एक मूठ उचलून तपासली तर अहवाल कोणत्याही बाजूला चुकू शकतो. दाण्यावरची हिरवट-पिवळी भुकटी पुसून टाकली तरी आत मुरलेले विष राहतेच. उलट माणूस रोज खातो ते सगळे शरीरात एकत्र होते: ज्वारी, मका, शेंगदाणे, दूध, मिरची, सगळ्यांचा हिशेब तिथे लागतो. लघवीतल्या अफ्लाटॉक्सिन एम-१ वरून गेल्या एक-दोन दिवसांचे खाणे कळते. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेल्या विषाच्या अंशावरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. काढणीच्या वेळी एकदा आणि साठवणीच्या तीन-चार महिन्यांनंतर पुन्हा एकदा असे नमुने घेतले, तर विष शेतात शिरले की कोठीत वाढले हेही उमगते.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा: रक्त तपासून कळले, तरी पुढे काय? शरीरातून हे विष काढणारे औषध नाही. याचे उत्तर पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाने दिले आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथली २० गावे घेतली होती. दहा गावांतल्या भुईमूग उत्पादकांना शेंगा चटईवर नीट वाळवणे, खराब शेंगा हाताने निवडणे, प्लॅस्टिकऐवजी तागाची पोती वापरणे आणि ती लाकडी फळ्यांवर ठेवणे अशा साध्या गोष्टी शिकवल्या. पाच महिन्यांनी त्या गावांतल्या लोकांच्या रक्तातले विषाचे प्रमाण बाकीच्या दहा गावांच्या निम्म्याहूनही खाली होते. शेतकऱ्याच्या साध्या कष्टाचा परिणाम थेट माणसाच्या रक्तात दिसला, आणि तो दिसला कारण रक्त मोजले होते. मोजमाप नसते, तर कोणती पद्धत उपयोगी आणि कोणती नुसती सांगोवांगी हे कधीच कळले नसते.

"बापजाद्यांपासून हेच खातो, काही झाले नाही," हे म्हणणे तोडून टाकण्यासारखे नाही; लोक अनुभवावरून बोलतात. पण यकृताच्या आजाराचे कारण वीस वर्षांपूर्वीच्या भाकरीत असेल, तर तो अनुभव कोणाच्या लक्षात येणार? शांघायमध्ये १८ हजारांहून अधिक पुरुषांच्या लघवीचे नमुने जपून ठेवून केलेल्या अभ्यासात हिपॅटायटिस-बी आणि अफ्लाटॉक्सिन दोन्ही असलेल्यांत यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे साठपट आढळला. म्हणून बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस-बीची लस देणे हाही या विषावरचाच उपाय आहे. भाजल्याने किंवा शिजवल्याने हे विष जाते, हा समज मात्र सोडूनच द्यावा. स्वयंपाकाच्या आचेने ते संपत नाही. गावाची बदनामी होऊन भाव पडेल, ही भीती खरी आहे. केसगळतीच्या वेळी अफवांनी त्या गावांना किती त्रास दिला ते जिल्ह्याने पाहिले. त्यावर उपाय तपासणी टाळण्यात नाही. व्यक्तीचे नाव गुप्त ठेवून आकडे तालुक्याच्या पातळीवर मांडता येतात.

आता हातातल्या कामाकडे. पाऊस उघडल्यावर सुडी मोकळी करावी. ताडपत्री टाकून आत वाफ कोंडून ठेवू नये. कणसे जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर वाळवावीत आणि अळीने पोखरलेली मळणीआधीच बाजूला काढावीत, कारण बुरशी त्याच भोकांतून आत शिरते. साठवणीसाठी मका आणि ज्वारीचा ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आणि भुईमुगाच्या शेंगांचा ८ टक्क्यांपर्यंत उतरवावा. मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडे मीठ आणि धान्य टाकून हलवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्य अजून ओले आहे. निवडून काढलेला माल किंवा बुरशी लागलेली ढेप दुभत्या जनावराला घालू नये. गणित साधे आहे: चार किलो ढेपेत किलोमागे १०० मायक्रोग्रॅम विष असेल, तर गाईच्या पोटात ४०० जातात. त्यातले दोन टक्के, म्हणजे आठ मायक्रोग्रॅम, दुधात उतरतात. आठ लिटर दुधात ते लिटरला एक होते. मर्यादा आहे अर्ध्याची. खराब ढेप बंद केली की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होते. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ पैकी ३६८ नमुने या मर्यादेबाहेर गेले. ते नमुने ५० हजारांवर वस्तीच्या शहरांतले होते. गोठ्यातून थेट चुलीवर जाणारे दूध त्यात मोजलेच गेले नाही.

घरी खायला ठेवलेल्या प्रत्येक धान्याचा, पोत्याच्या वर, मध्ये आणि खाली अशा अनेक ठिकाणांहून घेऊन मिसळलेला, एक किलो नमुना कापडी पिशवीत तारीख लिहून कोरड्या जागी ठेवा. वाड्यावस्तीत एकाहून अधिक लोकांना एकाच वेळी कावीळ किंवा पोटदुखी झाली, किंवा कुत्री-कोंबड्या मरू लागल्या, तर आशा ताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा आणि तो नमुना सोबत द्या. आणि येत्या ग्रामसभेत ठराव मांडा: आरोग्य विभाग, अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रे यांनी मिळून मका आणि ज्वारी खाणाऱ्या कुटुंबांच्या लघवीचे नमुने यंदा काढणीनंतर आणि पुन्हा फाल्गुनात घ्यावेत.