मध्य प्रदेशातल्या रामाकोन्याहून फारकत घ्यायची, तर खर्च किती आणि कुठे?

स्टॅम्प पेपरवर पंचांच्या सह्या, दोघांचे अंगठे आणि नोटरीचा शिक्का: एवढ्याने हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडत नाही. जातीची जुनी प्रथा असेल तर कायदा ती मानतो, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते. गोंडांसारख्या अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नाही; तिथे रूढी चालते. बाकीच्यांनी नोटरीला पैसे देऊ नका. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलंत तर गुन्हा होतो.

अर्ज कुठे? लग्न लागलं तिथे, शेवटी एकत्र राहिलात तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे. बायको स्वतः राहते तिथेही अर्ज करू शकते, म्हणजे माहेर सावनेर-काटोलचं असेल तर महाराष्ट्रात. दोन राज्यांतला दावा इकडून तिकडे हलवायचा झाला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं, म्हणून जागा आधीच ठरवा. पांढुर्णा जिल्हा 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झाला आणि सौंसर त्यात गेलं. तुमचा अर्ज सौंसरला लागेल की छिंदवाड्याला, हे वकील करण्याआधी सौंसर कोर्टात विचारून घ्या.

कागद: लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, दोघांचे आधार, मुलांचे जन्मदाखले, वेगळं राहत असल्याचा पुरावा. मराठी कागदांचं हिंदी भाषांतर लागेल का, तेही विचारा. तो खर्च वेगळा.

वेळ: राजीखुशीने घ्यायची तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं हवं, मग पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात किमान सहा महिने. सगळा हिशोब मिटला असेल तर हे सहा महिने माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून ठरलेली पूर्ण रक्कम पहिल्याच तारखेला देऊ नका. उरलेला डीडी दुसऱ्या अर्जाच्या दिवशी, कोर्टासमोर.

आता खरा पैसा. घटस्फोट झाला म्हणून नवऱ्याच्या शेतात बायकोचा हिस्सा पडत नाही. पोटगी किंवा एकरकमी रक्कमच मागावी लागते, आणि तिचा बोजा जमिनीवर चढवून मागता येतो. वकिलाला हे स्पष्ट सांगा. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 ला दोन्ही पक्षांना संपत्ती-देण्यांचं शपथपत्र बंधनकारक केलं. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून धरायची. संत्र्याचा बगीचा असेल तर 'पीक गेलं' एवढं ऐकून थांबू नका. खसरा, बी-1, व्यापाऱ्याच्या पावत्या, बँकेचं पासबुक काढा. दागिन्यांची यादी बिलांसकट द्या, स्त्रीधन तिचंच.

दोघांच्या नावावरचं कर्ज घटस्फोटाने फिटत नाही, बँक दोघांनाही धरते. 'कर्ज तो भरेल' असं लिहून घेतलंत तरी बँकेकडून नाव काढून घ्या. समग्र आयडी सासरच्या कुटुंबातून वेगळा करा. रेशन आणि लाडली बहना त्यावरच अडतात. विमा, पीएफचे वारसदार बदला.

कोर्ट फी किरकोळ, मोठा खर्च वकिलाचा. 'दर तारखेला इतके' ऐवजी एकूण आकडा ठरवा, त्यात टायपिंग-भाषांतर धरलंय का ते लिहून घ्या, पावती घ्या. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता सरकारकडून वकील फुकट मिळतो; 15100 वर फोन करा.

निकाल लागल्यावर हुकूमनाम्याची एक प्रत दोघांनाही कोर्टाने विनामूल्य द्यायची असते, हिंदू विवाह कायद्याचं कलम 23(4). तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.