शेवटची नोंद कोणती?

चि. भाचीस,


सरावासाठी तू केलेला पेडणे-डिचोलीच्या जमिनींचा तक्ता आणि त्यावरची क्वेरी पाहिली. शेवटच्या म्युटेशनचा (फेरफाराचा) शेरा बदलायला तू सबक्वेरीत मॅक्स घातलास. मायएसक्यूएलने १०९३ ची एरर दिली, कारण ज्या टेबलात बदल करायचा तेच टेबल सबक्वेरीत वाचू देत नाही. मग तू आणखी एक सबक्वेरी गुंडाळलीस. चालते ती, पण एवढा खटाटोप नको. अपडेट, सेट, वेअर आणि शेवटी ऑर्डर बाय उतरत्या क्रमाने, लिमिट १. एकाच टेबलाचं अपडेट असेल तर मायएसक्यूएल हे सरळ घेतं. पोस्टग्रेसमध्ये मात्र सबक्वेरीच लागेल. तिथे ती अडत नाही.

खरी काळजी वेअरची वाटली. त्यात नुसता सर्व्हे नंबर आहे, आणि आपल्याकडे गोव्यात तो प्रत्येक गावात १ पासून सुरू होतो. पेडण्यातल्या मांद्र्याची नोंद बदलायला जाशील आणि डिचोलीतल्या मयेची बदलून बसशील. तालुका, गाव, सर्व्हे नंबर, सबडिव्हिजन हे चारही घाल. लिमिट १ असल्यामुळे वेअर चुकून जास्त ओळींना लागलं तरी 'एक ओळ बदलली' असंच दिसेल, त्यावर विसंबू नकोस. आधी तेच वेअर लावून, लिमिट न घालता सिलेक्ट चालव आणि आलेल्या ओळी डोळ्यांनी वाच.

शिवाय आयडी मोठा म्हणून नोंद ताजी ठरत नाही. हरकत आली की आधीचा अर्ज मामलेदारांकडे नंतर मंजूर होतो. तेव्हा मंजुरीच्या तारखेने क्रम लाव, तारीख सारखी असेल तरच आयडीने. तारीख रिकामी असलेल्या ओळी वगळ. पोस्टग्रेस उतरत्या क्रमात नल सर्वांत वर ठेवतं, म्हणजे प्रलंबित अर्जच शेवटची नोंद ठरेल.

आणि अपडेट शेऱ्यापुरतंच. मालक बदलला तर नवी ओळ इन्सर्ट कर, जुनं नाव पुसू नकोस. मयेतल्या कुटुंबांनी कसत्या जमिनीवर आपलं नाव लागावं म्हणून पिढ्या घालवल्या, तेव्हा कुठे २०१४ मध्ये त्यासाठीचा कायदा झाला. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नावासमोर म्युटेशन नंबर असतो, तो मागचा माग काढता यावा म्हणूनच. तुझ्या तक्त्यातही तो माग राहू दे.

सुधारलेली क्वेरी पाठव, सोबत एक्स्प्लेनचा निकालही. इंडेक्स लागतो का ते पाहू.

तुझा,
मामा