जनुकीय क्रमनिर्धारणातील संदर्भखुणा
डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या पांढऱ्या माशीच्या जाती डीएनएवरून ओळखता येतात. क्रमनिर्धारण यंत्रात काचपट्टीवरील डीएनएचे असंख्य सूक्ष्म पुंजके प्रत्येक फेरीत प्रतिदीप्त होतात. कॅमेरा त्यांची छायाचित्रे घेतो आणि प्रकाशावरून प्रत्येक पुंजक्याचे एकेक अक्षर ठरते. दोन फेऱ्यांतील चित्रे किंचित सरकली, तरी एका पुंजक्याचे अक्षर शेजारच्या पुंजक्याच्या नावे नोंदले जाऊ शकते. म्हणून काही यंत्रांत काचपट्टीवर प्रत्येक चित्रात दिसणाऱ्या स्थिर संदर्भखुणा असतात. त्यांच्या आधारे संगणक चित्रे तंतोतंत जुळवतो.

नमुन्यालाही अशीच स्थिर खूण हवी. कीटक ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावेत. पीक, गाव व दिनांक पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी कुपीच्या आतच टाकावी. पेनाची शाई इथेनॉलमध्ये विरघळू शकते. चिठ्ठी पुसली गेल्यास अचूक वाचलेला क्रमही कोणत्या शेतातील किडीचा, हे सांगता येत नाही.