प्रोलॅक्टिन वाढलंय? आधी गोळ्यांचा डबा बंद कर

छोटे, तू पाठवलेली बातमी वाचली. मलेरियाच्या गोळीने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक उतरतं म्हणे! आणि तू लगेच घरात उरलेली क्लोरोक्विन शोधायला निघालीस.

संशोधन खोटं नाही गं. चीनमधल्या डॉक्टरांनी ते 2017 मध्ये छापलंय. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यात एका प्रकारची बारीक गाठ झाली की प्रोलॅक्टिन वाढतं. त्यावरचं नेहमीचं औषध कॅबरगोलिन, पण काही गाठी त्याला दाद देत नाहीत. जोडीला क्लोरोक्विन दिलं तर त्या पेशींना आतला कचरा निपटता येत नाही आणि त्या मरतात, असं दिसलं. कुठे? प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत. तू उंदीर नाहीस बाई!

आपल्या वर्ध्याला मलेरिया काही नवा नाही. 1936 मध्ये सेगावात खुद्द गांधीजींना झाला, वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. म्हणून ही कडू गोळी आपल्याला घरचीच वाटते. पण तिचा डोस चुकला तर हृदयाचे ठोके बिघडतात.

आता तुझा प्रोलॅक्टिनचा आकडा 38. बायकांत साधारण 25 पर्यंत चालतो. एवढ्याशा वाढीमागे बहुतेकदा गाठ नाही, दुसरंच काही निघतं. पाळी चुकलीय ना? मग पहिली तपासणी गरोदरपणाची, लाजू नकोस. दुसरी थायरॉइडची. आणि ती अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल, रोज उपाशीपोटी घेतेस ती, तिची पट्टी उलटून बारीक अक्षरं वाच. डोमपेरिडोन लिहिलेलं असेल तर चोर घरातच आहे. त्यानेही प्रोलॅक्टिन चढतं. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनीही चढतं, पण त्या कुणी आपल्या मनाने बंद करायच्या नसतात.

शिवाय रक्त दिलंस कसं? सिंदी मेघेहून भर उन्हात स्कूटी दामटत गेलीस आणि धापा टाकत हात पुढे केलास! ताणानेही हा आकडा वाढतो. पुन्हा देशील तेव्हा उठून दोनेक तास होऊ दे, लॅबमध्ये अर्धा तास निवांत बस, मग सुई.

डोकं सतत दुखलं, बाजूचं दिसेनासं झालं किंवा छातीतून दूध आलं, तर मात्र थांबू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. नाहीतर नवे रिपोर्ट घेऊन शनिवारी ये, दोघी मिळून सावंगीच्या ओपीडीत जाऊ. ती कॅप्सूलची पट्टीही सोबत आण.