कुत्र्यास बाधणारे अन्न ओळखण्याची रीत

रेणापूर तालुक्यात सोयाबीन व हरभऱ्याची रात्री राखण करण्यास कुत्रा बाळगणारे शेतकरी पुष्कळ आहेत. असा कुत्रा, मग तो कारवानी असो वा गावठी, बारमाही अंग खाजवू लागला, पंजे चाटू लागला, त्याचे कान वाहू लागले, म्हणजे राखण त्याच्याने होत नाही. आणि इंजेक्शनांच्या खर्चास कंटाळून मालक त्यास सोडून देतो. त्यापूर्वी पुढील परीक्षा करून पाहावी, असे आम्ही सुचवितो.

पिसवा, गोचीड व खरूज यांची शंका पशुवैद्याकडून आधी फेडून घ्यावी. ती कारणे नसल्यास अन्नातील एखाद्या प्रथिनाची ॲलर्जी संभवते. रक्ताच्या तपासणीवरून बाधक अन्न सांगणारे भेटतात. तिच्यावर विसंबता येत नाही. खरी परीक्षा खाऊ घालूनच होते.

प्रथम ८ आठवडे कुत्र्याने पूर्वी न खाल्लेले एकच प्रथिन व एकच पिष्टमय अन्न द्यावे. रोहू मासा उकडून, काटे काढून, बटाट्याबरोबर द्यावा. मासे त्याच्या सवयीचे असल्यास शेळीचे मांस घ्यावे. मीठ, तिखट, कांदा, लसूण घालू नये. भाकरीसुद्धा बंद. ॲलर्जी अन्नाचीच असेल तर ५ आठवड्यांत सुमारे ८० टक्के आणि ८ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांस उतार पडतो. परीक्षा बहुधा बिघडते ती घरच्यांच्या मायेने. सालगड्याच्या शिदोरीतील तुकडा किंवा मुलाने टाकलेले बिस्कीट, एवढ्यानेही महिन्याची मेहनत फुकट जाते. कुत्रा बांधून ठेवावा व घरच्या मंडळींस बजावून सांगावे. खाज दाबणारे औषध चालू असेल तर ते केव्हा थांबवावे, हे डॉक्टरांस विचारावे.

खाज थांबली की पुष्कळ मालक येथेच थांबतात. परंतु ऋतू पालटल्याने किंवा पिसवा गेल्यानेही खाज थांबते. म्हणून एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. जुने अन्न पुन्हा सुरू करावे. ॲलर्जी असल्यास दहापैकी नऊ कुत्र्यांत १४ दिवसांच्या आत खाज परतते. न परतल्यास दोष बहुधा अन्नाचा नव्हे.

खाज परतली तर पुन्हा मासा-बटाट्यावर यावे, आणि अंग शांत झाल्यावर जुन्या अन्नातील एकेक पदार्थ त्यात दोन-दोन आठवडे मिसळावा. तारीख व लक्षणे वहीत टिपावी. खाज सुटताच तो पदार्थ बंद करून, कुत्रा निवळेपर्यंत दुसरा देऊ नये. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २९७ कुत्र्यांपैकी ३४ टक्क्यांस गोमांस, १७ टक्क्यांस दुग्धपदार्थ, १५ टक्क्यांस कोंबडी व १३ टक्क्यांस गहू बाधल्याचे आढळले. आमच्या शेतावरील कुत्र्याच्या खाण्यात गोमांस नसते. सबब दुधापासून आरंभ करावा, मग कोंबडी, पोळी, अंडे, सोयाबीन. गाईचे दूध बाधले म्हणून म्हशीचे देणे व्यर्थ आहे. दोहोंतील प्रथिने फार सारखी असतात. दुधाने केवळ जुलाब झाले तर ती ॲलर्जीच असे मात्र समजू नये. कित्येक मोठ्या कुत्र्यांस दुधातील साखरच पचत नाही.

वाढत्या पिल्लावर हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये. एखादा पदार्थ देताच तोंड सुजले, वांत्या झाल्या किंवा श्वास लागला, तर वेळ न दवडता जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. अवघड रोग्यासाठी जिल्ह्यातच उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे जाताना वही बरोबर न्यावी.